तागाचा पीळ : आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे चरित्रस्मरण

अंबाडी कापून पाण्यात कुजत घालायची, साल सोडवून वाख काढायचा, तो वाळवायचा आणि मग पीळ देत देत त्याची दावी, कासरे, चऱ्हाटे वळायची, हे काम वर्धा जिल्ह्यातील आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला नवे नव्हते. पीळ उजवा द्यायचा की डावा, हे त्यांच्या बोटांना ठाऊक असे. बंगालचा ताग हा या अंबाडीचा भाऊबंदच म्हणावा. त्या तागाची एक मूठभर जुडी हाती घेऊन, तिला पीळ देऊन, १८९८ साली कलकत्त्याच्या एका प्राध्यापकाने विद्युत्-चुंबकीय लहरींना वळण लावून दाखविले. मोबाईल आणि उपग्रह यांच्या संदेशवहनासाठी आज जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या 'कायरल मेटामटेरियल'वर बसविलेल्या अँटेनांचे संशोधन चालू आहे, त्याच्या वंशावळीत सर्वांत वरचे नाव त्या प्राध्यापकांचे आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत येते ते बहुधा वनस्पतींना संवेदना असतात या एका वाक्यापुरते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात झाला. घराणे विक्रमपूर परगण्यातील राढीखाल गावचे. वडील भगवानचंद्र हे ब्राह्मो समाजाचे अनुयायी, सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट. त्या काळी अशा हुद्द्यावरच्या माणसाचा मुलगा इंग्रजी शाळेत जाणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाई. हाताखालचे कारकूनही आपली मुले इंग्रजी शाळेत घालीत. भगवानचंद्रांनी मात्र फरीदपूर येथे आपल्या मुलास मुद्दाम बंगाली शाळेत घातले. मुलाने आधी आपली भाषा आणि आपली माणसे ओळखावीत, इंग्रजी त्यानंतर शिकावी, असा त्यांचा विचार होता.

त्या शाळेत जगदीशचंद्रांच्या उजव्या हाताला वडिलांच्या मुसलमान चपराशाचा मुलगा बसे आणि डाव्या हाताला एका कोळ्याचा. हे दोघे त्यांचे खेळगडी. पाण्यातील जीव, पक्षी, झाडे यांच्या गोष्टी ते त्यांच्याकडूनच ऐकत, आणि निसर्गाविषयीचे आपले कुतूहल तेथेच जागे झाले असे पुढे वृद्धापकाळाकडे झुकतानाही ते सांगत असत. शाळा सुटल्यावर हे मित्र घरी येत तेव्हा आई सर्वांना सारखेच खाऊ घालीत असे. त्या जुन्या वळणाच्या बाई होत्या, तरी त्यांनी या मुलांत आणि आपल्या मुलात भेद केला नाही. जन्माने नीच ठरविलेली माणसे म्हणून कोणी असतात ही जाणीवच आपल्याला बालपणी झाली नाही, असे जगदीशचंद्रांनी १९१५ च्या सुमारास आपल्या विक्रमपूरकरांपुढे बोलताना सांगितले. ही १८६० च्या दशकातील गोष्ट आहे. त्या काळी आपल्याकडे अस्पृश्य गणलेल्या मुलाला शाळेच्या ओट्यावरही जागा नव्हती, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आईच्या वाढण्याचे मोल कळते.

पुढचे शिक्षण कलकत्त्यास हेअर स्कूल आणि सेंट झेवियर्समध्ये झाले. तेथे फादर लाफों यांनी त्यांना प्रयोगांची गोडी लावली. १८८० साली ते वैद्यक शिकण्यासाठी इंग्लंडला गेले. परंतु अंगात मुरलेला ताप तेथील शवविच्छेदनाच्या खोलीत बळावू लागला, म्हणून वैद्यक सोडून ते केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात निसर्गविज्ञान शिकू लागले. तेथे त्यांना लॉर्ड रॅले यांच्यासारखे गुरू लाभले. १८८५ साली ते परतले आणि कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे हंगामी प्राध्यापक झाले.

येथे त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा झगडा उभा राहिला. हिंदी प्राध्यापकाला युरोपियन प्राध्यापकाच्या दोन-तृतीयांश पगार मिळे, आणि नेमणूक हंगामी म्हणून त्याचाही निम्मा. म्हणजे तेच वर्ग, तेच विषय आणि पगार तिसरा हिस्सा. जगदीशचंद्रांनी अर्ज-विनंत्या केल्या नाहीत, नोकरीही सोडली नाही. ते रोज वर्गावर जात, मन लावून शिकवीत आणि पगार मात्र घेत नसत. हे तीन वर्षे चालले. घरी सुबत्ता होती असे नव्हे. लोकोपयोगी उद्योगांत वडिलांचे पैसे बुडाले होते आणि डोक्यावर कर्ज होते. १८८७ साली विवाह होऊन अबलादेवी घरात आल्या त्या या ओढगस्तीच्या दिवसांतच. अखेर सरकारने त्यांची नेमणूक कायम केली आणि मागील तीन वर्षांचा पुरा पगार एकरकमी दिला. ती रक्कम वडिलांचे कर्ज फेडण्याच्या कामी आली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण आपण हेकट माणसाला टोचून बोलण्यासाठी वापरतो. जगदीशचंद्रांच्या बाबतीत तीच म्हण गौरवाची वाटते.

वयाची पस्तिशी गाठली तेव्हा, १८९४ साली, त्यांनी आपले पुढील आयुष्य संशोधनाला देण्याचे ठरविले. कॉलेजात प्रयोगशाळा नव्हती. स्नानगृहाला लागून असलेली सुमारे २४ चौरस फुटांची एक खोली त्यांनी वापरात आणली. उपकरणे त्यांनी स्वतः आखली आणि एका देशी पत्रे-कारागिराला हाताशी धरून, पदरचे पैसे घालून, तेथेच घडविली. जर्मनीतील हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८८ च्या सुमारास विद्युत्-लहरी प्रत्यक्ष दाखवून दिल्या होत्या आणि १८९४ च्या पहिल्याच दिवशी ते अकाली वारले होते. हर्ट्झ यांच्या लहरी कित्येक हात लांबीच्या होत्या. प्रकाशाशी त्यांची तुलना करायची तर भिंगे आणि लोलक घराएवढे करावे लागले असते. जगदीशचंद्रांनी उलटा मार्ग धरला. लहरीच लहान केल्या. त्यांच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरपासून पाच मिलिमीटरपर्यंत उतरली. पाच मिलिमीटरची लहर म्हणजे सेकंदाला ६० अब्ज कंपने. आज वायरलेस यंत्रणा ज्या मिलिमीटर-लहरींकडे वळत आहेत, त्या याच. त्यामुळे त्यांची सारी उपकरणे एका मेजावर मावत. लहरी गोळा करण्यासाठी त्यांनी धातूचे नसराळ्यासारखे तोंड बनविले. हॉर्न अँटेना म्हणून ते आज प्रत्येक सूक्ष्मलहरी-प्रयोगशाळेत आढळते. लहरींचे ध्रुवण तपासण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या वेळापत्रकाचे एक जाड पुस्तक घेतले आणि पानापानांत कथलाचा वर्ख घातला. साधनांची उणीव ही तक्रार त्यांच्या चरित्रात सापडत नाही. साधने मात्र सापडतात.

१८९५ साली कलकत्त्यात त्यांनी जाहीर प्रयोग केला. मधल्या भिंती ओलांडून सुमारे ७५ फूट अंतरावर अदृश्य लहरींनी घंटा वाजली आणि बंदुकीच्या दारूचा बार उडाला. पुढच्या वर्षी लंडन विद्यापीठाने त्यांना डी. एस्सी. दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान झाले.

आता त्या तागाकडे येऊ. विषय थोडा अवघड आहे, पण दोराच्या साहाय्याने तो सहज उलगडतो. दोराचे एक टोक खुंटीला बांधून दुसरे टोक हाताने वर-खाली हलविले तर दोरात उभी लाट जाते. आडवे हलविले तर आडवी जाते. लाट कोणत्या पातळीत डोलते, त्याला ध्रुवणाची पातळी म्हणतात. साखरेच्या पाण्यातून प्रकाश गेला की ही पातळी वळते, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. द्राक्षशर्करा तिला उजवीकडे वळविते, फलशर्करा डावीकडे. साखरेच्या कणाची घडणच उजवी किंवा डावी असते, असा याचा अर्थ लावला जात होता. पण कण कोणाला दिसतो? जगदीशचंद्रांनी विचार केला की आपल्या लहरी प्रकाशलहरींहून हजारो पट लांब आहेत, तेव्हा त्यांच्या मापाचा मोठा कण आपणच का करू नये?

त्यांनी तागाचे धागे समांतर लावून जुड्या बांधल्या आणि त्यांना पीळ दिला. काही उजव्या पिळाच्या, काही डाव्या पिळाच्या. त्यांतून ध्रुवित लहर सोडली. एका पिळाच्या जुडीने लहरीची पातळी एका बाजूस वळली, दुसऱ्या पिळाच्या जुडीने दुसऱ्या बाजूस. दोन्ही प्रकारच्या जुड्या सारख्या प्रमाणात ठेवल्या तेव्हा एकीचे वळण दुसरीने फेडले आणि लहर होती तशी बाहेर पडली. ताग तोच, लहर तीच. फरक फक्त पिळाचा. हा निबंध १८९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला.

येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. पीळ दिलेला दोर उलटा धरला, शेंड्याकडचे टोक बुडाकडे केले, तरी उजवा पीळ उजवाच राहतो. तो डावा दिसतो फक्त आरशात. आपल्या हातांचेही तसेच आहे. उजवा हात कसाही फिरविला तरी तो डाव्या हाताच्या मोज्यात बसत नाही. अशा वस्तूंना लॉर्ड केल्व्हिन यांनी हात या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'कायरल' असे नाव दिले. वाचकांनी घरचा दोर हाती घेऊन हे ताडून पाहावे.

बोसांनंतर फिनलंडचे कार्ल लिंडमन यांनी १९१४ च्या सुमारास हाच विचार पुढे नेला. तांब्याच्या तारेची बारीक वेटोळी करून, प्रत्येक वेटोळे कापसाच्या बोळ्यात गुंडाळून, ती त्यांनी पेटीत भरली आणि त्या पेटीने लहरींची पातळी वळवून दाखविली. एकाने ताग घेतला, दुसऱ्याने तांब्याला कापसाचे पांघरूण घातले. कापसाच्या जिल्ह्यातील वाचकाला या योगाचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही.

त्यानंतर बराच काळ हा धागा पडून राहिला. १९८० नंतर तो पुन्हा उचलला गेला. अँटेना ही बहुधा एका पातळ तळपट्टीवर छापलेली धातूची आकृती असते. तळपट्टीला तंत्रज्ञ 'सबस्ट्रेट' म्हणतात. तळपट्टी साधी असली तर लहरींचा काही भाग हवेत न जाता पट्टीतच पृष्ठभागालगत सरकत राहतो आणि वाया जातो. तळपट्टीच कायरल केली, म्हणजे तिच्यात पीळ असलेल्या सूक्ष्म रचना भरल्या, तर ही गळती कमी करता येईल, असा विचार १९८८ च्या सुमारास अमेरिकेत नादेर इंगेटा यांनी मांडला. पुढे 'मेटामटेरियल' ही कल्पना रुजली. लहरीच्या लांबीहून पुष्कळ लहान अशा आकृत्या ओळीने मांडल्या की त्या साऱ्यांचा मिळून एक नवाच पदार्थ होतो आणि त्याचे गुण त्याच्या द्रव्यापेक्षा त्याच्या मांडणीवर ठरतात. तागाच्या जुडीत हेच घडले होते.

याचा उपयोग काय, असे पालक विचारतील. उपग्रहाकडून येणारी लहर पुष्कळदा एका पातळीत न डोलता मळसूत्राप्रमाणे फिरत येते. हे चक्राकार ध्रुवण होय. त्यामुळे ग्राहक यंत्र उभे आहे की आडवे, याने फारसे अडत नाही. मार्गदर्शक उपग्रहांच्या जीपीएस लहरी उजव्या फिरकीच्या असतात. तीच लहर जमिनीवर किंवा इमारतीवर आपटून परतली की तिची फिरकी बहुधा उलटते. एका फिरकीला वाट देणारी आणि दुसरीला अडविणारी अँटेना असेल, तर खरी लहर आणि परतलेली लहर वेगळी करता येते. साध्या लहरीला फिरकी देणे, उजवी-डावी फिरकी निवडणे, आणि हे सर्व खिशात मावेल अशा जाडीच्या पट्टीत करणे, यासाठी कायरल मेटामटेरियलचा अभ्यास चालू आहे.

बोसांनी कायरल अँटेना शोधली, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्यांनी तागाची जुडी अँटेनाखाली घातली नव्हती. बिनतारी तारायंत्राचे एकमेव जनक तेच, असे उत्साहाच्या भरात लिहिले जाते, तेही आम्हांस पटत नाही. हर्ट्झ, लॉज, पोपोव्ह, मार्कोनी अशा अनेकांचे हात त्या कामाला लागले आहेत. दूरवर संदेश धाडणे हा बोसांचा हेतूच नव्हता. लहरींचा स्वभाव जाणून घेणे हा होता. आपल्या थोर माणसाला दुसऱ्याचे श्रेय देऊ पाहण्यात त्याचे स्वतःचे काम झाकले जाते. पिळाचा प्रयोग त्यांचा आहे, मिलिमीटर-लहरींची उपकरणे त्यांची आहेत आणि गॅलेना खनिजाचा ग्राहक त्यांचा आहे. एवढे एका आयुष्याला पुरे आहे.

या ग्राहकाचे अमेरिकन पेटंट त्यांच्या नावे १९०४ साली निघाले, तेही भगिनी निवेदिता आणि सारा बुल यांच्या आग्रहामुळे. जगदीशचंद्रांनी त्यापासून पैसा मिळविला नाही आणि ते पेटंट तसेच संपू दिले. ज्ञान हे सर्वांचे, त्यावर मालकी नको, ही त्यांची धारणा होती. आम्हांस वाटते की या निग्रहाची किंमतही पडली. त्यांच्या उपकरणांचे कारखाने देशात उभे राहिले नाहीत, आणि उद्योगाच्या इतिहासात त्यांचे नाव पुसट राहिले. पण सौदा त्यांनी समजून-उमजून केला होता.

१९०० नंतर त्यांचे लक्ष सजीव-निर्जीवांच्या प्रतिसादाकडे आणि मग वनस्पतींकडे वळले. लंडनमधील शरीरशास्त्रज्ञांनी कडाडून विरोध केला आणि त्यांचा एक निबंध तेथे छापावयाचाही राहिला. त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढे टिकले नाहीत, परंतु वनस्पतींत विद्युत्-संदेश वाहतात हे त्यांचे म्हणणे आज अभ्यासाचा विषय आहे. १९१७ साली 'सर' ही पदवी आणि १९२० साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. त्याच १९२० साली पॅट्रिक गेडिस यांचे बोसचरित्र प्रसिद्ध झाले. गेडिस त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

आपल्या ५९ व्या वाढदिवशी, ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, जगदीशचंद्रांनी कलकत्त्यास बोस इन्स्टिट्यूट स्थापन केली. या संस्थेच्या वास्तूवर त्यांनी दोन चिन्हे घेतली. एक वज्र आणि दुसरे आवळा. आवळ्याची कथा आपल्या वाचकांस परिचित असेल. सम्राट अशोकाने सर्वस्व दान केले आणि अखेरीस हाती उरलेला अर्धा आवळाही भिक्षुसंघास अर्पण केला. उद्घाटनाच्या भाषणात जगदीशचंद्रांनी या आवळ्याचे आणि नालंदा-तक्षशिलेच्या विद्यापीठांचे स्मरण केले. ते स्वतः १९०४ साली रवींद्रनाथ ठाकूर आणि भगिनी निवेदिता यांच्यासह बोधगयेस जाऊन आले होते. नव्या प्रयोगशाळेच्या कपाळी अशोकाचा अर्धा आवळा कोरावा, हे सुचण्यास ती यात्रा कारण झाली असावी.

वसतिगृहात वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९११ साली प्रेसिडेन्सी कॉलेजात मेघनाद साहा नावाचा विद्यार्थी आला. बाप खेड्यातला छोटा दुकानदार, जात खालची मानलेली. कॉलेजच्या वसतिगृहात वरच्या जातींच्या मुलांनी त्याने आपल्या पंगतीला बसण्यास हरकत घेतली. त्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकविणारे जगदीशचंद्र होते. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी कोळ्याचा मुलगा निर्धास्त जेवत होता, त्यांच्या वर्गातला मुलगा वसतिगृहात पंगतीबाहेर होता. एका घराने सोडलेला भेद समाजाने सोडलेला नव्हता. साहा शिकले. ताऱ्यांच्या वर्णपटाचा अर्थ लावणारे त्यांचे समीकरण १९२० साली जगापुढे आले आणि १९२७ साली तेही रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

१९३७ च्या ऑक्टोबरात, २२ आणि २३ तारखांना, आपल्या वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत शिक्षण मातृभाषेतून द्यावे आणि ते हाताच्या एखाद्या उद्योगाभोवती गुंफावे, असे तिने ठरविले. भगवानचंद्रांनी सत्तर वर्षांपूर्वी आपल्या मुलाला मातृभाषेच्या शाळेत घातले होते, आणि तो मुलगा पुढे कारागिराशेजारी बसून पत्र्याची उपकरणे घडवीत असे. जगदीशचंद्र त्या वेळी थकलेले होते. परिषदेनंतर बरोबर एक महिन्याने, २३ नोव्हेंबर १९३७ रोजी, गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. वयाला ७९ वर्षे पुरी होण्यास सात दिवस उरले होते. त्यांची उपकरणे कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.